पाळकाचा चहा

पाळकाशी लग्न करणाऱ्या मुलीला पुष्कळ गोष्टी आधीच सांगितल्या जातात. घर लहान असेल, पाहुणे फार असतील, रविवार कधीच तुझा नसेल, नवऱ्याला लोक भरल्या ताटावरून उठवून नेतील. माझ्या आईने तर पदर खोचून मला समोर बसवलं होतं आणि तासभर समजावलं होतं. पण चहाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. आणि आमच्या घरात जे काही झालं ते सगळं चहाने झालं.

आमची मंडळी भोकरदनकडच्या खेड्यांत विखुरलेली आहे. मंडळी म्हणजे चर्चचे लोक, आमच्यात तसंच म्हणतात. एखाद्या गावात चार-दोन घरं, एखाद्या गावात नुसती एक म्हातारी. रविवारी सगळे उपासनेला एकत्र येतात आणि बाकीचे दिवस पाळकाने त्यांच्याकडे जायचं. याला घरभेट म्हणतात. आमचे हे सकाळी मोटारसायकलला किक मारून निघायचे ते दिवेलागणीला परत. आजारी माणसाच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायची, भांडलेल्या भावांना एका बाजेवर बसवायचं, पोरीच्या परीक्षेसाठी, अडलेल्या म्हशीसाठी, बोअरला पाणी लागावं म्हणून देवाकडे मागायचं. आमेन झालं की आतून चहा येणार. तो आला नाही तर प्रार्थना अर्धवट राहिली असं सगळ्यांनाच वाटतं, मलासुद्धा.

हा चहा साधा नसतो. घरात एरवी कोरा चहा पीत असतील, पण पाळकासाठी शेजारून दूध येतं, कान शाबूत असलेला कप शोधला जातो आणि साखर अशी पडते की ओठ चिकटावेत. साखर कमी म्हणजे माया कमी, इतकं ते सरळ आहे. काही बायका तर समोर उभ्या राहून विचारतात, "गोड झाला ना बराबर? टाकू का आजून?" आणि आमचे हे प्रत्येक घरात म्हणायचे, "एकदम बराबर." खोटं बोलायचं नाही असा उपदेश करणारा माणूस, पण कधी पाणचट, कधी करपलेला, कधी शेळीच्या दुधाचा चहा पिऊन एकदम बराबर म्हणायचा. त्याबद्दल मी त्यांना चिडवत असे. तेव्हा चिडवण्यासारखंच होतं ते.

ह्यांचा आजार निघाला तो चष्म्यामुळे. नंबर सारखा बदलत होता म्हणून जालन्याला डोळे दाखवायला गेलो. डोळ्यांच्या डॉक्टरांनी रक्त तपासायला लावलं आणि तिथून आम्ही दुसऱ्या डॉक्टरांपुढे जाऊन बसलो. ते तरुण होते आणि त्यांना बोलणं गोड करून सांगायची सवय नव्हती. साखर फार वाढलेली आहे, बरीच वर्षं असणार, गोळ्या सुरू करा, गोड बंद, चहा बिनसाखरेचा आणि पायांना जपा. पायांना का, ते मला तेव्हा कळलं नाही. मी विचारलं तर म्हणाले, या आजारात पायाची जाण जाते, जखम झालेली कळत नाही आणि झाली तर भरत नाही.

परत येताना बसस्टँडवर हे म्हणाले, "हे आपल्या दोघांतच राहू दे."

"का म्हणून?"

"अगं, मी लोकांच्या डोक्यावर हात ठेवतो. ते म्हणतील, ह्याची स्वतःचीच साखर उतरत नाही, हा आमचा ताप काय उतरवणार."

मला रागच आला. देवाची अब्रू तुमच्या रक्ताच्या रिपोर्टवर टांगलेली आहे का, असं मी भर स्टँडवर विचारलं. शेजारचा माणूस वळून बघायला लागला तशी गप्प बसले. पण माझं तोंड एकदा सुरू झालं की लवकर बंद होत नाही. भोकरदन येईपर्यंत मी खिडकीकडे तोंड करून पुटपुटत होते.

घरी मात्र हे अगदी शहाण्या मुलासारखे वागायचे. ज्वारीची भाकरी, मेथी, कारल्याची भाजी, भात दोन घास. बिनसाखरेचा चहा मी पुढे ठेवला की नाक मुरडून म्हणायचे, "आण तुझा काढा," पण प्यायचे. मला वाटलं, निभावलं. मग एक दिवस सहज विचारलं, घरभेटीला गेल्यावर चहाचं काय करता? तर हे चप्पल शोधायला लागले. पायातच होती चप्पल.

"म्हणजे पिता?"

"प्यावा लागतो."

"सांगायचं ना सरळ, डॉक्टरने मना केलंय म्हणून."

तेव्हा हे खाली बसले. भांडणात आवाज चढवायचा तो मीच, ह्यांचा आवाज उलट खाली जातो. त्या दिवशी तर अगदीच खाली गेला. म्हणाले, "तुला ठाऊक आहे ना, आपली घरं कोणती आहेत ती?"

ठाऊक होतं. आमची बहुतेक घरं गावाच्या टोकाला, पाण्याच्या टाकीच्या पलीकडे. आजोबा-पणजोबांच्या काळात त्या घरांचं पाणी गावात कुणी प्यायलं नाही. आता तसं कुणी बोलून दाखवत नाही. साहेब लोक येतात, मतं मागणारे येतात, ओट्यावर बसतात, पोरांच्या डोक्यावरून हात फिरवतात, फोटोही काढतात. चहाची वेळ आली की कुणी म्हणतं आत्ताच झाला, कुणी म्हणतं उपास आहे. आणि सगळ्यांत जास्त म्हणतात ते हेच. डॉक्टरने मना केलंय.

"तेच वाक्य मी म्हणू?" हे म्हणाले.

"पण तुमचं खरं आहे!"

"खरं असलं तरी. त्यांनी ते इतक्यांदा खोटं ऐकलंय की माझ्या तोंडून खरं वाटणारच नाही त्यांना."

मला उत्तर सुचत नाही तेव्हा मी भांडी घासते. घासलेलीच भांडी पुन्हा घासली.

त्या वर्षी कापसाची वेचणी संपत आली होती. एका गावाहून दुसऱ्या वस्तीवर जायला हे शेतातून पायवाटेने गेले. कुणीतरी कापसाची पऱ्हाटी कापून नेली होती आणि तिचे तिरके खुंट रानभर उभे होते. त्यातला एक ह्यांच्या चपलेच्या तळातून आरपार पायात गेला. ह्यांना कळलंच नाही. दिवसभर त्याच पायावर फिरले, तीन-चार घरं केली, प्रार्थना केल्या, चहा प्यायले. संध्याकाळी दारात आले तेव्हा फरशीवर एकाच पायाचे लाल ठसे उमटत होते. मी ओरडले तर हे मागे वळून बघायला लागले, जणू त्यांच्या मागून दुसरंच कुणी आलंय.

पुढचं लांबवून सांगण्यात अर्थ नाही. जखम चिघळली. जालन्याला भरती करावं लागलं. करंगळीशेजारचं बोट काढलं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की या वेळी बोटावर सुटलं, साखर अशीच राहिली तर पुढच्या वेळी पाऊल जाईल, आणि त्यानंतर कुठपर्यंत जाईल ते आपल्या हातात नाही. मी हो हो म्हणत होते. कॉरिडॉरमध्ये बाकावर बसले आणि मनात पहिला विचार आला तो हा, की पाऊल गेल्यावर मोटारसायकलचा ब्रेक हे कशाने मारतील. माणूस घाबरला की असलंच काहीतरी डोक्यात येतं. खरी भीती नंतर आली आणि आली ती गेलीच नाही. भाजी चिरताना, धुणं वाळत घालताना, उपासनेत गाणं म्हणताना मला ह्यांचं ते पाऊल दिसायचं.

मंडळीला आम्ही काय सांगितलं? पाळकसाहेबांच्या पायात खुंट गेला. बोट काढल्याचं नाही, साखरेचं तर नाहीच. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर विनंती गेली आणि जोडलेल्या हातांची रांग लागली. रविवारी लोकांनी उभं राहून, डोळे मिटून, कळवळून प्रार्थना केली. कुणी म्हणालं, प्रभू, तो खुंट ज्या सैतानाने ठेवला त्याला बांधून टाक. मी मागच्या ओळीत बसून दात खात होते. अख्खी मंडळी पऱ्हाटीच्या खुंटाशी लढत होती, आणि खरा वैरी प्रत्येकीच्या स्वयंपाकघरात डब्यात भरून ठेवलेला होता.

पायाला जरा बरं वाटायला लागलं तेव्हा जालन्याला पाळक आणि त्यांच्या बायकांसाठी एक दिवसाचं शिबिर भरलं. विषय होता सेवकाने स्वतःची काळजी कशी घ्यावी. मी ह्यांना ओढूनच नेलं. म्हटलं, माझं ऐकत नाहीत, बाहेरच्याचं ऐकतील. शहरातून एक बाई आल्या होत्या, चांगल्या होत्या, पडद्यावर चित्रं दाखवत मनापासून बोलत होत्या. त्या म्हणाल्या, विमानात सांगतात ना, ऑक्सिजनचा मास्क आधी स्वतःला लावा, मग शेजारच्याला. सगळ्यांनी माना डोलावल्या. आमच्यातल्या बहुतेकांनी विमान पाहिलं होतं ते मान वर करून. मग त्या म्हणाल्या, आठवड्यातून एक दिवस स्वतःसाठी ठेवा, रडू आलं तर रडा, आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे नाही म्हणायला शिका.

त्याचा सरावही घेतला त्यांनी. दोघादोघांच्या जोड्या केल्या. एकाने काहीतरी मागायचं, दुसऱ्याने हसून, डोळ्यांत बघून, ठामपणे नाही म्हणायचं. ह्यांच्या वाट्याला घनसावंगीकडचे एक म्हातारे सुवार्तिक, म्हणजे गावोगाव फिरणारे प्रचारक, आले. ते म्हणाले, "पाळकसाहेब, आमच्या घरी चहाला या." हे म्हणाले, "येतो की!" पुन्हा घेतलं, पुन्हा तेच. शेवटी दोघं इतके हसायला लागले की बाईंनाही हसू आलं. मलाही आलं. त्या बाईंचं काही चुकलं नव्हतं. पण त्यांचं 'नाही' कोरं होतं, नुकतंच दुकानातून आणलेलं. आमच्या घरांच्या दारात पिढ्यानपिढ्या दुसऱ्यांचं 'नाही'च येऊन उभं राहिलेलं होतं, ते आम्ही कुणाला कसं म्हणायचं, हे त्यांच्या पडद्यावरच्या चित्रांत कुठेच नव्हतं.

मध्यंतरात चहा आला. सगळ्यांचा एकाच पातेल्यातला, गोड. हे रांगेत उभे होते.

त्या दिवशी मी ठरवलं की ह्यांना बदलणं माझ्याच्याने होणार नाही, चहालाच काहीतरी करायला हवं. दुसऱ्या दिवसापासून मी घरभेटीला बरोबर निघाले. मागे बसायचे, मांडीवर बायबलची पिशवी. लोकांना आनंद झाला, पाळकीणबाई पण येऊन राह्यल्या म्हणून. युक्ती साधी होती. दोन कप यायचे. चहा देणारी बाई पाण्याचा तांब्या भरायला किंवा पोराला हाक मारायला आत वळली, की हे आपला कप माझ्या कपात रिकामा करायचे आणि मी तो घटाघटा प्यायचे. कधी भाजायचं. कधी दोघांचा मिळून कप भरून बशीत सांडायचा. एका घरी ती बाई पटकन बाहेर आली आणि माझा कप काठोकाठ बघून म्हणाली, "अगं माय, पाळकीणबाई, तुम्ही पिलाच न्हाई!" मी म्हटलं, गार करून पिते. हळूहळू गावोगाव बातमी झाली की पाळकीणबाईला चहा लय लागतो. मग मला कपाऐवजी गिलासात यायला लागला, वरून "लाजू नका बाई, आजून हाय." हे मोटारसायकलवर पुढे बसून हसायचे आणि माझा जळफळाट व्हायचा.

पण साखर उतरली. जालन्याचे डॉक्टर पहिल्यांदा ह्यांच्याशी नीट बोलले. जखम अजून पुरती भरली नव्हती, रोज ड्रेसिंग लागत होतं, पण कडा लाल, जिवंत दिसायला लागल्या होत्या. मी ड्रेसिंग करताना त्या लाल रंगाकडे बघत बसायचे. मला वाटलं, जिंकले मी. कुणाला दुखवलं नाही, कुणाला सांगितलं नाही, आणि पाऊल वाचवलं.

केदारखेड्याच्या पुढे एका गावात आमच्या मंडळीतली एक मावशी राहते. एकटीच. मुलगा पुण्याकडे कंपनीत, ही कापूस वेचायला, निंदायला जाते. तिचा नवरा अंथरुणाला खिळला होता तेव्हा हे तिच्याकडे सारखे जायचे. नुसती प्रार्थना करायला नाही. मावशी कामाला गेली की त्या माणसाला कुशीवर वळवायचं, पुसून काढायचं, कपडे बदलायचे, चमच्याने पेज घालायची. ह्यांनी मला यातलं फारसं सांगितलं नव्हतं, मावशीनेच त्याच्या मयतीच्या दिवशी सगळ्यांसमोर सांगितलं. तेव्हापासून तिच्या घरी ह्यांचा मान देवमाणसासारखा. तिच्या चहात साखर किती असायची ते सांगायला नको.

एका भेटीत आम्ही तिच्याकडेही युक्ती केली. मावशी आत गेली, ह्यांनी कप माझ्या कपात ओतला, मी प्यायले. मावशी बाहेर आली ती रिकामे कप उचलून आत गेली. निघताना दारापर्यंत आली नाही. मला वाटलं, दमली असेल, दिवसभर रानात राबते.

पुढच्या वेळी गेलो तेव्हा तिने चटई टाकली, डोक्यावर पदर घेऊन बसली, बायबलचं वचन ऐकलं, आमेन म्हटलं. मग उठली ती आत न जाता चपला घालून बाहेरच गेली. आम्ही दोघं बसून राहिलो. चुलीत विस्तव होता, वर आधण नव्हतं. बऱ्याच वेळाने परत आली. हातात दोऱ्याने बांधलेली प्लास्टिकची पिशवी, त्यात चहा, आणि दुसऱ्या हातात कागदी कप. स्टँडवरच्या हॉटेलातून आणला होता.

तिने पिशवी ह्यांच्यासमोर ठेवली. "हॉटेलातला हाय साहेब. घरचा न्हाई. बिनधास्त प्या."

मला एकदम कळलं. वस्तीत साहेब लोक येतात तेव्हा असाच चहा येतो. इथल्या चुलीचा ज्यांना नको असतो त्यांच्यासाठी पोराला स्टँडवर पिटाळतात, हॉटेलातला आणतात, कागदी कपात देतात, म्हणजे कुणालाच काही बोलावं लागत नाही. मावशीने आम्हाला त्या माणसांत बसवलं होतं.

हे चटईवर पुढे सरकले. "मावशी, हे कशाला?"

"म्या पाहिलं त्या दिशी," ती म्हणाली. रागावून नाही, अगदी साध्या आवाजात. "भिताडाच्या आडून. तुमी माझा चहा बाईच्या कपात वतून राह्यल्ते. तोंडाला लावल्यावानी करायचा अन् वतायचा."

"मावशी, तसं नाही ते."

"आसू द्या साहेब. तुमचं चुकलं न्हाई. समद्यांचंच आसतंय. तुमचं न्हाई आसं वाटलं होतं मला, येवढंच."

मी बोलायला तोंड उघडलं होतं. काय बोलणार होते देव जाणे, बहुतेक काहीतरी सारवासारव. पण ह्यांनी हात वर करून मला थांबवलं. मग पाय पुढे घेतला. त्या आजारपणापासून हे कुणाच्याही घरात मोजे काढत नसत, लोकांना वाटायचं पाळकसाहेब जरा साहेबी झाले. ह्यांनी मोजा काढला, वरची पट्टी सोडली आणि पाऊल मावशीच्या पुढ्यात ठेवलं.

मावशी उकिडवी बसली. एकेक बोट बघत गेली. "बोट कुठं हाय?"

"काढलं."

"कवा?"

"खुंट लागला तेव्हाच."

"अन् आमी खुंट निघावा म्हणून परार्थना करून राह्यल्तो?"

ह्यांनी सगळं सांगितलं. साखर, डॉक्टर, घरोघरचा चहा, आता पाऊल जाईल म्हणून घातलेली भीती, माझी ती युक्ती. शेवटी म्हणाले, "तुमच्या दारात बसून डॉक्टरने मना केलंय म्हणायला माझी जीभ रेटली नाही, मावशी." हे रडत होते. लग्नाला इतकी वर्षं झाली, दुसऱ्यांच्या मयतीत रडताना मी ह्यांना पुष्कळदा पाहिलं होतं, स्वतःसाठी कधी नाही.

मला वाटलं, आता मावशी विरघळेल, डोळ्याला पदर लावेल, झालं गेलं म्हणेल. पण ती आता खरी रागावली. इतका वेळ नव्हती रागावली, ती आता रागावली.

"माझ्या मालकाचं हागणं-मुतणं काढलं तुमी," ती म्हणाली. "ह्या हातानं. वस्तीत कुणाचं दुखणं ठिवलं न्हाई हात लावल्याबिगर. अन् तुमच्या दुखण्याला आमचा हात नको? आमच्यापासून झाकून ठिवलं? मंग साहेब, ह्याला इटाळ न्हाई तं काय म्हनावं?"

आम्ही तिच्या घरचा चहा नाकारायचा नाही म्हणून इतकी उलाढाल केली होती, आणि त्याहून मोठी गोष्ट नाकारून बसलो होतो. मला लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर मावशीचा रागही आला, कारण ती बरोबर होती.

तिने पदराला हात पुसले आणि त्या पावलावर ठेवले, पट्टी सोडलेल्या जखमेच्या अगदी कडेला. मावशीला मंडळीत मोठ्याने प्रार्थना करताना कुणी ऐकलेलं नाही, तिला लाज वाटते, शब्द येत नाहीत म्हणते. तेव्हाही नाही आले. "देवा, हा पाय ठिव," एवढंच म्हणाली, पुन्हा तेच म्हणाली. हे डोळे मिटून बसले होते, मांडीवर हात उताणे टाकून. प्रार्थना घेणाऱ्या माणसाने हात कुठे ठेवायचे हे त्यांना ठाऊकच नसावं.

त्या पायाचं पुढे बरं झालं. उन्हाळा लागेपर्यंत जखम भरून आली. त्याच आठवड्यातल्या रविवारी ह्यांनी मंडळीपुढे उभं राहून सगळं सांगितलं. काही लोक हळहळले, काही दुखावले, एका घराने अजूनही आम्हाला बोलावलेलं नाही. पण ते नंतरचं. त्या दिवशी मावशी उठली, पिशवीची गाठ सोडली आणि तो हॉटेलातला चहा दाराबाहेर ओतून आली. मग माझ्यासमोर येऊन बसली. आतापर्यंत तिने माझ्याकडे पाहिलंच नव्हतं.

"बाई, त्यांच्या वाट्याचा समदा चहा तू पिऊन राह्यली व्हती?"

"हो."

"समद्या घरी?"

"हो, मावशी."

"मंग तुझं रगत तपासलं का?"

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे मोजा हातात धरून माझ्याकडे बघत होते. गोळ्यांच्या वेळा मी पाळत होते, ड्रेसिंग मी करत होते, दर तपासणीला डॉक्टरांपुढे मीच जाऊन बसत होते.

नव्हतं तपासलं.